उंच पोरांना पॉइंट गार्ड करताना : सराव बदलाच्या नोंदी

शनिवार, ९ मार्च

काल शुक्रवार, म्हणजे सरावाचा दिवस. महाशिवरात्रही कालच होती. एका हातात साबुदाण्याच्या खिचडीची ताटली, दुसऱ्या हातात मोबाईल. बझरबीटर, म्हणजे बास्केटबॉलचा संघ चालवायचा ऑनलाइन गेम, उघडलं तर माझ्या संघातल्या शेवग्याचं रिबाउंडिंग (हुकलेला बॉल पकडणं) १० वरून ११ झालेलं. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

कारण गेल्या आठवड्यातला सामना. आम्ही २३ गुणांनी हरलो आणि समोरच्या एकट्या शूटिंग गार्डने (बाहेरून नेम मारणारा खेळाडू) ३८ गुण केले, तेही सगळे लांबून. माझे दोन मनोरे बास्केटखाली हात वर करून उभे, बॉल त्यांच्यापर्यंत येतच नव्हता. जिथे कोणी येत नाही त्या दारावर मी दोन पहिलवान बसवलेत आणि मागची खिडकी सताड उघडी.

दीड सीझन मी फक्त आतल्या खेळाचा सराव देतोय : इनसाइड डिफेन्स, इनसाइड शॉट, रिबाउंडिंग. आता बदलायचं. मागच्या वेळी काय केलं होतं ते आठवत नाही आणि तीच चूक पुन्हा होते, म्हणून ही वही.

आधी पोरांची ओळख. गेम त्यांना जी नावं देतो ती माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून माझी ठेवली आहेत. शेवग्या, वय १९, ६ फूट ११ इंच. खांब, वय २०, ७ फूट १ इंच. बांबू, या वर्षीच्या ड्राफ्टमधला (नव्या पोरांच्या निवडीतला), वय १८, ६ फूट ९ इंच. आणि फुटाणा, वय ३१, ५ फूट ११ इंच, आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारा, गुडघे गेलेले पण डोकं शाबूत. गेममध्ये कौशल्याला आकड्याऐवजी इंग्रजी विशेषणं असतात, त्यांचा चढता क्रम १ ते २० धरतात. मी आकडेच लिहीन.

शेवग्या : इनसाइड डिफेन्स ११, इनसाइड शॉट १०, रिबाउंडिंग ११. आउटसाइड डिफेन्स ३, हँडलिंग ४, पासिंग ३. खांबाचंही असंच, फक्त शॉट ब्लॉकिंग जास्त. वाचताना माझ्या ठिबकच्या दुकानातला स्टॉक आठवतो. १६ एमएमची लॅटरल छतापर्यंत, आणि दोन रुपयांचा जॉइनर मागितला की संपलेला.

रविवार, १० मार्च

आज दुकान अर्धा दिवस. फैजपूरला रविवारी दुपारी गिऱ्हाईक नसतं, उन्हामुळे कुत्रंही सावली सोडत नाही. शांतपणे गणित मांडलं.

या गेममध्ये सरावाचं बटण दाबून सराव होत नाही. पोराला त्या आठवड्यात सामन्यात त्या जागेवर खेळवावं लागतं. प्रेशर म्हणजे आउटसाइड डिफेन्सचा सराव 'फक्त पॉइंट गार्ड' असा लावला, तर जो पॉइंट गार्ड म्हणून मैदानात उभा राहिला त्यालाच तो मिळणार. पूर्ण मिळायला ४८ मिनिटं लागतात, म्हणजे अख्खा सामना. (भाचा जळगावला कॉलेजच्या टीमकडून खेळतो. तो हसतो, "मामा, आमची मॅच चाळीस मिनिटांची." बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत दहा-दहाचे चार डाव, एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या लीगमध्ये, बारा-बाराचे. हा गेम एनबीएवर बेतलेला.)

आठवड्याला सामने तीन. एका जागेचा सराव लावला तर तीन पोरं पूर्ण शिकतात, प्रत्येकाला एक सामना. दोन जागांचा लावला तर सहा पोरं, पण प्रत्येकाचा वेग कमी. सगळ्या संघाचा लावला तर सगळेच शिकतात आणि कोणीच शिकत नाही.

माझ्या तिघांना आउटसाइड डिफेन्स शिकवायचा म्हणजे सात फुटी माणसाला बॉल हातात देऊन अख्खा सामना पॉइंट गार्ड करायचं. तीन सामन्यांपैकी एक मैत्रीचा, तो हरला तरी फरक पडत नाही. उरलेले दोन लीगचे. म्हणजे दर आठवड्याला लीगचे दोन सामने मी जाणूनबुजून लंगड्या घोड्यावर खेळणार.

दुसरा रस्ता होता, वन-ऑन-वन फॉरवर्ड. हा स्मॉल फॉरवर्ड आणि पॉवर फॉरवर्ड या दोन जागांवर चालतो. ड्रायव्हिंग (बॉल घेऊन आत घुसणं) वाढतं, सोबत हँडलिंग आणि जंप शॉटलाही थोडं पाणी पोचतं. पोरं आपल्या जागेच्या जवळपासच खेळतात, त्यामुळे सामनाही फारसा बिघडत नाही. शहाण्या माणसाने हाच घेतला असता.

तरी मी प्रेशर घेतोय, कारण उंची आणि वय. उंच पोराला बाहेरची कौशल्यं हळू येतात, बुटक्याला आतली. आणि वय वाढेल तसा सगळाच सराव मंदावतो. म्हणजे माझ्या पोरांना जे सगळ्यात जड जाणार ते अठरा-एकोणीसलाच उरकायला हवं. आतलं काम सातफुटी पोरगा पंचविशीतही शिकेल, बाहेरचं नाही शिकणार. खरं तर ड्राफ्टमधून आल्याआल्या हे करायचं होतं. मी उलट केलं. रिबाउंडिंगचे आकडे पटापट चढताना बघायला मजा येते ना, म्हणून.

पगाराचंही आहेच. सीझन संपला की गेम प्रत्येकाचा पगार नव्याने काढतो, त्याच्या सगळ्यात चांगल्या जागेच्या हिशोबाने. सेंटरचं, म्हणजे बास्केटखालच्या उंच खेळाडूचं, आतलं कौशल्य वर गेलं की पगार भराभर फुगतो. त्याच सेंटरला बाहेरचा डिफेन्स, हँडलिंग, पासिंग शिकवलं तर पगाराला फारसं कळत नाही, मैदानात मात्र कळतं. गेल्या सीझनला शेवग्याचा पगार जवळपास दीडपट झाला होता. या वेळी तरी थांबवायचा.

ठरलं. प्रेशर, एकच जागा, किमान दहा आठवडे. सराव बदलून ठेवला.

शुक्रवार, १५ मार्च

लिहायची लाज वाटते, पण वही त्यासाठीच आहे.

रविवारी सराव बदलला, सामन्यांची मांडणी बदललीच नाही. सोमवारी फिल्टरची गाडी आली, मंगळवारी एका शेतकऱ्याच्या व्हेंचुरीचं (ठिबकातून खत सोडायचं उपकरण) लफडं, मग त्यातच आठवडा गेला. जुनी मांडणी चालत राहिली. शेवग्या सेंटर, खांब पॉवर फॉरवर्ड, फुटाणा पॉइंट गार्ड.

आज सरावाचा अहवाल आला. पॉइंट गार्डचा संपूर्ण सराव फुटाण्याला. एकतीस वर्षांचा म्हातारा, अख्ख्या प्रशिक्षकाकडे एकटाच शिकवणीला. वाढलं काय? काही नाही. तिन्ही पोरांच्या नावापुढे शून्य.

सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं सांगतो. हे वाचवता येत होतं. मिनिटं आठवडाभर जमा होत राहतात, ती कोणत्या सरावात घालायची ते शुक्रवारच्या क्षणाला जे लावलेलं असेल त्यावर ठरतं. काल रात्री नुसतं उघडून बघितलं असतं, 'अरे, पोरं तर आत खेळलीत' हे दिसलं असतं, आणि सराव परत रिबाउंडिंगवर टाकला असता तर आठवडा वाया गेला नसता. मी काल रात्री काय करत होतो? कढी-फुणके खाऊन झोपलो होतो.

नियम : आधी मांडणी, मग सराव. गुरुवारी रात्री मिनिटं तपासायची. फोनला गजर लावला आहे, नाव ठेवलंय 'फुणके'.

बुधवार, २० मार्च

पहिला खरा प्रयोग. लीगचा सामना, गटात वर असलेल्या संघाशी. तसाही हरणारच होतो म्हणून खांबाला याच सामन्यात पॉइंट गार्ड केलं. ज्या सामन्यातून काही मिळणार नाही, तिथेच शिकवणी घ्यायची. मैत्रीच्या सामन्यात बांबू. शेवग्याला तळाच्या संघाविरुद्ध, तिथे पॉइंट गार्ड वाईट असूनही जिंकू अशी आशा.

मांडणीत तिघांच्या त्या-त्या सामन्यात मुख्य, राखीव, दुसरा राखीव अशा सगळ्या खणांत त्याचंच नाव टाकलं आणि बदलीसाठी 'मांडणीप्रमाणेच' हा पर्याय. नाहीतर गेमचा कोच दया येऊन बाहेर बसवतो.

सामना थेट बघितला. गेममध्ये ओळीओळीने समालोचन येतं. पहिल्या दोन मिनिटांत खांबाने तीनदा बॉल घालवला. पहिल्यांदा पास अडवला गेला. दुसऱ्यांदा त्यांच्या पाच फूट दहाच्या पोराने सरळ हातातून काढून नेला आणि एकटा जाऊन ले-अप. तिसऱ्यांदा नुसता सुटला. मला डोळ्यासमोर दिसत होतं : सात फूट एक इंचावरून बॉल जमिनीवर आपटायचा आणि तो परत वर येईपर्यंत खाली कोणीतरी वाटच बघत असतं.

बॉल लवकर आत पोचावा म्हणून डावपेच लो पोस्ट ठेवला होता. बचावात ३-२ झोन, बाहेरून कमी मार बसावा म्हणून. शेवटी ७१–९४. खांबाचे १२ टर्नओव्हर (बॉल घालवणं), २ असिस्ट (बास्केट होईल असा पास). पण ४८ मिनिटं पूर्ण. मला एवढ्याच रकान्यात रस होता.

आठवड्याची एकूण मिनिटंही सांभाळायची आहेत. नुसत्या ४८वर ठेवलं की गेम शेप, म्हणजे पोराची तयारी, हळूहळू उतरतो, दोन पूर्ण सामने खेळवले तर थकून उतरतो. साठ-सत्तरच्या आसपास बरं असतं. म्हणून प्रत्येकाला दुसऱ्या एखाद्या सामन्यात सेंटरचा राखीव म्हणून पंधरा-वीस मिनिटं.

शुक्रवार, २२ मार्च

तिघांनाही पूर्ण सराव. पडद्यावर काही बदल नाही. आकड्याच्या आत दशांश असतात, ते गेम दाखवत नाही. ३.१ असो की ३.९, आपल्याला ३च दिसतो. पॉप होईपर्यंत, म्हणजे दिसणारा आकडा एकाने चढेपर्यंत, हातात काही नाही.

शेवग्याचा सामना तळाच्या संघाविरुद्ध ४ गुणांनी जिंकला. त्याचे टर्नओव्हर ९.

मंगळवार, २६ मार्च

काल धुळवड. आज शेतावर गेलो. केळीची ऑक्टोबरातली लागण आहे, कांदेबाग, झाडं कमरेच्या वर गेली. आप्पा विळा घेऊन पिलं कापत होते. केळीच्या बुडाशी पिलं सारखी फुटतात. ठेवली तर बाग गच्च हिरवी दिसते, बघणाऱ्याला वाटतं काय पीक आहे. पण आईच्या झाडाचं खत-पाणी तीच पितात.

मी बांधावर बसून फोनमध्ये बघत होतो. दोन जागांचा सराव लावला तर सहा पोरं होतील. बाकावर अजून तीन बरी पोरं बसलेली आहेत, त्यांचं काय वाईट केलंय? एकोणीस वर्षांचा एक शूटिंग गार्ड तर खरंच हुशार आहे.

आप्पांनी विळा न थांबवता विचारलं, "काय पाहून राह्यला रे त्या मोबाईलमंधी?"

मी सांगितलं, जमेल तसं. तीन पोरं की सहा.

त्यांना बास्केटबॉल म्हणजे काय हे माहीत नाही. पण ऐकून घेतलं, एक पिल्लू मुळाशी कापून बाजूला फेकलं आणि म्हणाले, "पिलं ठेवशीन तितके घड हलके." आणि पुढच्या झाडाकडे गेले.

तीनच ठेवले. हुशार शूटिंग गार्डला विकायला काढलं. रात्री जरा वाईट वाटलं. तसं आप्पांना कधी वाटत असेल असं दिसत नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

शेवग्या पॉप! आउटसाइड डिफेन्स ३ वरून ४. पूर्ण सरावाचे तीन आठवडे लागले. आता मोजणीचा खुंटा मिळाला, इथून पुढचा पॉप किती आठवड्यांनी येतो त्यावरून वेग कळेल. बांबू लहान आणि तिघांत बुटका, तो पुढे असेल असं वाटलं होतं. नाही.

खांब हलला नाही. उंची.

दुकानात एक नेहमीचा शेतकरी होता, त्याला खुशीत कटिंग चहा पाजला. कारण विचारलं नाही त्याने, चांगला माणूस.

शुक्रवार, १२ एप्रिल

बांबू ४ वरून ५. पाडव्याच्या दिवशी मैत्रीचा सामना हरलो, काही बिघडत नाही. लीगमध्ये सलग चौथा पराभव, हे बिघडतं.

प्रशिक्षकाचा पगार दर आठवड्याला थोडा-थोडा चढतोय. पाचव्या पातळीचा ठेवला आहे. सातव्याचा विचार केला आणि सोडला, तेवढ्या पैशात माणूस येईल पण शिकवायला पोरं उरणार नाहीत. विकलेल्या शूटिंग गार्डचे पैसे बरे आले, ते बाजूला ठेवलेत.

शुक्रवार, १९ एप्रिल

खांबाचे फाऊल भरले. तिसऱ्या डावात, २९व्या मिनिटाला. चपळ गार्डांच्या मागे धावायचं, पोचायला उशीर होतो, मग हात लागतो. उरलेली १९ मिनिटं त्याच्या जागी कोण आलं? फुटाणा. म्हणजे सरावाचा उरलेला भाग पुन्हा म्हाताऱ्याच्या खात्यात. हा माणूस निवृत्तीच्या दिवशी लीगमधला सगळ्यात शिकलेला पॉइंट गार्ड असणार.

यावर पक्का उपाय नाही. मी दोन गोष्टी केल्या. खांबाला आता ज्या संघाचा पॉइंट गार्ड मंद आहे अशा सामन्यात ठेवतो, सगळ्यात बलाढ्य संघासमोर नाही. हे पहिल्या आठवड्याच्या तर्काच्या उलट आहे याची कल्पना आहे. 'हरणारच आहोत तर तिथे शिकवू' ठीक होतं, पण बलाढ्य संघाकडे बलाढ्य गार्डही असतो. दुसरं, त्याचा राखीव म्हणून फुटाण्याऐवजी चौथ्या एका पोराचं नाव घातलं. फाऊल भरलेच तर सांडलेलं पाणी निदान दुसऱ्या रोपाला जाईल.

शुक्रवार, १० मे

तीन आठवडे लिहिलं नाही. दुकानात मृगबागेच्या (मृगात लावायच्या केळीच्या) लागणीची तयारी सुरू झाली, सकाळी सातपासून पाइप मोजतोय. पारा ४४ वर. पॉप तेवढे टिपून ठेवलेत : शेवग्या ५, बांबू ६, आणि खांब अखेर ४.

आज अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. बहीण माहेरी आली, सोबत भाचा. कडुलिंबाला झोका बांधला, आमरस-पुरणपोळी झाली, आणि दुपारी सगळे आडवे झाल्यावर भाच्याने माझा संघ बघायला घेतला. लीगचा तक्ता बघून तो काही बोलला नाही. हे बोलण्यापेक्षा वाईट. आठ संघांच्या गटात आम्ही सातवे.

"मामा, हे कशासाठी चाललंय?"

मी पूर्ण सांगितलं. उंची, वय, पगार, सगळं.

तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला योकिच पाहिजे." एनबीएतला निकोला योकिच, ६ फूट ११ इंचाचा सेंटर, २०१४च्या ड्राफ्टमध्ये ४१वा उचललेला, आणि सगळा संघ त्याच्या पासवर चालतो. मी म्हटलं, पासिंग नंतर, आधी निदान बाहेर उभं राहायला तर शिकू दे. मग त्यानेच मॅजिक जॉन्सनची गोष्ट काढली. एनबीएची १९८०ची फायनल, सहावा सामना, करीम अब्दुल-जब्बार जखमी. लेकर्सनी वीस वर्षांच्या पॉइंट गार्डला सेंटरच्या जागेवर उभं केलं आणि त्याने ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट केले. "तुम्ही त्याचं उलटं करताय."

उलटं आहे खरं. आणि मॅजिक जॉन्सन ६ फूट ९ इंचाचा होता, म्हणजे माझ्या बांबूइतका. मी हे म्हटल्यावर भाच्याने अशी नजर टाकली की बहिणीने विचारलं, काय झालं.

त्याचा खरा मुद्दा मात्र वेगळा होता, आणि मला टोचला. तो म्हणाला, कॉलेजमध्ये सर उंच मुलांना रोज अर्धा तास ड्रिबलिंग करायला लावतात, पण सामन्यात नाही. सामन्यात तो आपल्याच जागेवर खेळतो. "सराव सरावात, मॅच मॅचमध्ये." या गेममध्ये तशी सोयच नाही. इथे मॅच हाच सराव. मी पूर्वी हॅटट्रिक खेळायचो, स्वीडनमध्ये १९९७ला सुरू झालेला फुटबॉलचा गेम, त्यातही हेच होतं, जागेवर मिनिटं खेळा तर शिका. मला आजवर कधी वावगं वाटलं नव्हतं. आता वाटतंय की गेम बनवणाऱ्यांनी हे मुद्दामच केलंय. शिकवणी फुकट असती तर सगळेच शिकवत बसले असते.

संध्याकाळी भाचा म्हणाला, लीग टिकवायची असेल तर आता थांबा. सीझन संपायला दोनच आठवडे.

रात्री ठरवलं : लीगच्या सामन्यांत फुटाणा परत पॉइंट गार्ड, शेवग्या आणि खांब आपापल्या जागी. मैत्रीच्या सामन्यात फक्त बांबू. दोन आठवडे दोन पोरांचा सराव बुडणार. दहा आठवड्यांचं म्हटलं होतं, मोडलं.

सोमवारी मतदान आहे, दुकान बंद. मांडणी निवांत लावता येईल.

शुक्रवार, २४ मे

टिकलो. खाली घसरू नये म्हणून खेळायच्या लढतीत तिसऱ्या सामन्यापर्यंत गेलो. शेवटच्या सामन्यात २-३ झोन (आतला बचाव घट्ट करणारा) नाही लावला, कारण समोर बाहेरून मारणारा संघ. साधा माणसाला माणूस बचाव ठेवला. सामना ८८–८५.

एक गोष्ट टिपून ठेवतो. मार्चमध्ये ज्या धाटणीचा शूटिंग गार्ड आमच्यावर ३८ गुण करून गेला, तशाच एकाने या सामन्यात १७ केले. त्यातले किती कमी शेवग्याच्या आउटसाइड डिफेन्समुळे आणि किती फुटाण्याच्या अनुभवामुळे, देव जाणे. समालोचनात एक ओळ होती : त्यांचा गार्ड आत घुसला, समोर शेवग्या आला, गार्डने बॉल मागे दिला. एवढंच. मार्चमधला शेवग्या बास्केटखालीच उभा राहिला असता असं मला वाटतं. गेमच्या आकड्यांतून हे सिद्ध करता येणार नाही. पण ती ओळ मी तीनदा वाचली.

नवे पगार आले. शेवग्याचा किंचित वाढला, खांबाचा जवळपास तेवढाच. बांबूचा नगण्य. गेल्या सीझनच्या उडीपुढे हे काहीच नाही. या एका रकान्यात तरी बेत पूर्णपणे जमला.

फुटाण्याचा पगार कमी झाला. वय. तोंडातून नकळत 'अरेरे' निघालं.

शनिवार, ८ जून

परवा रात्री वादळ झालं. आमची दोनशेच्या आसपास झाडं आडवी झाली, मृगातल्या जुन्या बागेची, घड भरत आलेली. कांदेबाग वाचली. आप्पा दोन दिवस तिथेच आहेत, बांबूचे टेकू लावतायत. (शेतातल्या बांबूचे. वही वाचणाऱ्याने गोंधळू नये.) काल सराव झाला तेव्हा मी बघितलाही नाही. मैत्रीच्या सामन्याची मांडणी आधीच लावलेली होती म्हणून बांबूचा आठवडा भरला, तेवढं एक.

रविवार, १६ जून

नव्या सीझनचा बेत. आउटसाइड डिफेन्स : शेवग्या ५, बांबू ७, खांब ४. मला तिघांचाही ७ हवा होता. शेवग्या आणि खांब आता एकेका वर्षाने मोठे झाले, त्यामुळे इथून पुढचा प्रत्येक पॉप महाग.

खांबाचं प्रेशर बंद. हे मान्य करायला मला आठवडा लागला. सात फूट एक इंच, वीसचा एकवीस झाला, फाऊलचा त्रास वेगळा. त्याला आत शिकवत राहिलो असतो तर एव्हाना तो गटातला सगळ्यात चांगला शॉट ब्लॉकर असता. तिघांना एकाच सुताने मोजलं, तिथे चुकलं. सहाच्या बदल्यात तीन निवडले हे ठीक, पण ते तीन कोण यावर पुरेसा विचार केला नाही. सगळ्यात उंच तो सगळ्यात मोलाचा, म्हणून घेतला. याच कामासाठी तोच सगळ्यात अवघड होता.

आता वन-ऑन-वन फॉरवर्ड. दोन जागा, म्हणजे सहा पोरांची सोय, पण मी चारच घालणार : शेवग्या, बांबू आणि दोन नवी. खांब सेंटरला राहील. बाकीची मिनिटं जो तिथे खेळेल त्याला जातील, जाऊ देत. या वेळी लीगचे सामने असे उघडे पडणार नाहीत, शेवग्या स्मॉल फॉरवर्ड म्हणून निदान बॉल तरी पकडू शकतो. मोजणी आजपासून नव्याने : ड्रायव्हिंग शेवग्या ४, बांबू ५.

भाच्याला मेसेज केला की वन-ऑन-वन घेतोय. त्याचं उत्तर, "मार्चमध्येच घ्यायचं ना मामा." मग दोन मिनिटांनी, "केळीचं काय?" टेकू लागलेत म्हणून कळवलं.

आठवड्याच्या तिन्ही सामन्यांची मांडणी लावली. पहिला लीग सामना, स्मॉल फॉरवर्ड, तिन्ही खणांत शेवग्या. दुसऱ्यात बांबू. मैत्रीच्या सामन्यात दोन्ही नवी पोरं, दोन्ही जागांवर. पुन्हा एकदा उघडून बघितलं, सेव्ह झालं होतं. मग सराव बदलला. 'फुणके' गजर चालू आहे.